तळाची सात

इथं केंटकीत बिस्किट म्हणजे
चहात बुडवायचं ते नव्हे;
ताकात भिजवलेल्या मैद्याचा
पदर सुटणारा ऊनऊन गोळा.

हॉलिस टॅकेट दर शनिवारी
दुकानातून गोठलेली पिशवी आणतो.
बारा नग, एकाच साच्यातले,
एकही वाकडा नाही,
खाल्ल्यावर एकही आठवत नाही.

फ्रीझरच्या तळाशी मात्र
व्हर्डीनं करून ठेवलेली सात.
मुरंब्याच्या बरणीच्या तोंडानं कापलेली,
एकावर अंगठ्याचा ठसा.
ती मार्चमध्ये गेली.
त्यांना तो हात लावत नाही,
वर वाटाण्यांची पिशवी ठेवतो,
पांघरुणासारखी.

जानेवारीत बर्फानं तारा तुटल्या.
चौथ्या सकाळी
सातही घामेजून मऊ पडलेली.
मग काय करणार?
लाकडाच्या चुलीवर बिडाचं भांडं,
त्यावर झाकण.
फुगली बिचारी,
अंगठ्याची जागा तेवढी सोडून.

पहिल्याच घासाला तो थांबला.
अळणी!
दुसऱ्या कुणाची असती
तर वर्षभर बोलली असती ती.
"व्हर्डी," तो मोठ्यानं म्हणाला,
"मीठ विसरलीस की गं."

सातही खाल्ली त्यानं, उभ्यानंच.
मिठाची बरणी हाताशी होती.
उघडली नाही.