दुखरा हात आधी

बुधवारी दुपारच्या फेरीबोटीनं पुंडलीक च्यारी आला,
पिशवीत पटाशी, वीतभर चामडं, पितळी चुका.
क्रूसावरच्या देवाचा उजवा खांदा सुटत आला होता.
शुक्रवारी उतरवताना हात निखळून पडला
तर अख्खं बेट वर्षभर त्याचा अर्थ लावत बसेल,
असं सांक्रिस्तांव म्हणाला, आणि मला बोलावलं,
कारण तो खांदा तीस वर्षं
माझ्या उबाल्दनं सांभाळला होता.
उबाल्द आता खाटेवरून उठत नाही.
मी गेले.

देवाला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.
रंगाखाली फणसाचं लाकूड, बरगडीत एक गाठ,
काखेत कोळ्याचं जाळं.
चामड्याची बिजागरी चपलेच्या पट्ट्यासारखी,
घामानं काळी पडलेली.
लाकडाला घाम येत नाही.
उबाल्दचा असणार.

"बाये, हात धर. जड आसा," पुंडलीक म्हणाला.
मी धरला. एक हात कोपराखाली, एक मनगटाखाली.
कुणी शिकवावं लागलं नाही,
रोज सकाळी सात वाजता मी हेच करते.
सदरा घालताना दुखरा हात आधी, चांगला मागून,
काढताना उलट.
बांबोळीच्या इस्पितळात नर्सनं एकदाच सांगितलेलं.

पहिली चूक ठोकण्याआधी पुंडलीक थांबला.
हातोडी खाली ठेवली, खांद्याला बोटं लावून कपाळाला लावली,
"माफ कर रे," म्हणाला,
आणि ठोकली.

मिस्सेत 'सर्वसमर्थ' आलं की
पावसाळ्यापासून माझे नुसते ओठ हलतात.
सर्वसमर्थाशी मी काय बोलू?
कूस बदलताना माणूस किती जड होतो
आणि किती लाजतो,
हे त्याला कुठून कळावं?
पण हा, फणसाचा,
ह्यानं पाणी मागितलं होतं.
साऱ्या विहिरी ज्याच्या, त्यानं.
मिळाला आंबलेला बोळा.
मी चमच्यानं उबाल्दला पेजेची निवळ देते,
अर्धी हनुवटीवरून गळ्यात उतरते,
तेव्हा ह्याचं नाव तोंडात सहज येतं.

आणि हा घाबरला होता.
एक तास जागा की माझ्यासोबत, म्हणाला दोस्तांना,
आणि दोस्त घोरत होते.

मीही झोपले होते.
ऑगस्टमधली रात्र. उबाल्द हाका मारत होता,
त्याच्या आता हाका कसल्या, घशातली घरघर.
मी ऐकली नाही.
की ऐकली, आणि कूस वळवली?
सकाळी चादर ओली, आणि तो भिंतीकडे तोंड करून.
पाद्रीला सांगितलं. त्यानं तीन नमान मोरिये दिले,
मी ते घरी पोचेपर्यंत संपवले.
काही हललं नाही आतून.
बुधवारी ह्याला सांगितलं,
हात धरलेला असताना, हातोडीच्या आवाजाआड.
तो गप्प राहिला.
पण त्याचं मनगट माझ्या तळव्यात होतं,
आणि माझ्यासारख्यांना त्यानं
त्याच रात्री उठवून बरोबर नेलं होतं.

शुक्रवारी मी इगर्जीत गेले नाही.
घरी कुणीतरी राहायला हवं.
घंटा बंद. पोरांची मात्राक वाड्यावरून खडखडत गेली.
खिडकीतून गाणं यायचं, मग जायचं, वाऱ्यावर अवलंबून.
उबाल्दनं डावा हात उचलला, हवेत धरला.
आता काट्यांचा मुकुट. आता खिळा.
बोटं मोजत होती, थरथरत.
मग तळवा उताणा झाला,
कुणाची तरी पाठ त्यावर येणार असल्यासारखा.
मी त्याच्या कोपराखाली हात दिला.

"खंयचो आदीं?" त्यानं अर्ध्या तोंडानं विचारलं.
"दुखरा," मी म्हटलं.
त्यानं डोळे मिटले. मान हलवली, बरोबर, अशी.

मग पेज मागितली.
उपासाचा दिवस, त्यातून मीठ जास्त पडलेलं.
तो काही बोलला नाही.
सगळी प्याला.