वाया : चार

दिघ्याच्या वरच्या पाड्यावर, बंद खदानीच्या अंगाला,
बालवाडीत गुरुवारी माझं टेबल लागतं.
निळ्या डब्यात बर्फाच्या चार लाद्या.
गोठलेल्या तशाच भरायच्या नाहीत,
कानाशी धरून हलवायच्या,
आत पाणी खळखळलं की मगच.
थंडी फार झाली तरी काही लसी मरतात,
हे नोकरीच्या आधी मला माहीत नव्हतं.

रेणुका मागच्या वेळी आली नाही.
त्याच्या मागच्या वेळीही.
कार्डावर दीड महिन्याची एक ओळ भरलेली,
पुढचे रकाने कोरे, कोपऱ्याला हळदीचं बोट.
चढून गेले तिच्या घरी.
म्हणाली, त्या रात्री दगडासारखी झाली मांडी त्याची.
ह्यांचा रबाळ्याच्या कंपनीत खाडा पडला,
सासूनं भांडं आपटलं.
जो रोग मी बघितलाच नाय,
त्याच्यासाठी चांगल्या पोराला ताप कशाला आणू, बाई?

पाठ केलेले चार निरोप होते माझ्याकडे.
ते पुरेनात.
खरं तर घटसर्प मीही बघितला नाही.
बघितला तो आम्हाला शिकवणाऱ्या तारे सिस्टरांनी,
ठाण्याच्या वॉर्डात, त्या नवीन असताना :
घशात राखाडी साय धरलेली.
दुधावरची बोटानं निघते, ही निघत नाही,
ओढली तर रक्त येतं.
मान बैलासारखी सुजलेली,
श्वास आत जाताना शिट्टी.
'मग शिट्टी थांबली,' एवढं सांगून तारे सिस्टर
घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालायच्या.

कुणी ठेवली असतील ही नावं?
घटसर्प.
धनुर्वात : एवढ्याशा पाठीची कमान,
आणि दोरी ओढणारं कुणीच नाही.
डांग्या, ज्यात पोर निळं पडेतो खोकतं,
मग हवा आत ओढताना कोंबड्यासारखं आरवतं.
गोवर आला की घरात फोडणी द्यायची नाही,
दाराला कडुलिंब.
आई सांगते, फोडणी नव्हतीच दिली,
तरी मावशीचा डोळा गेला.
ज्यांनी ही नावं ठेवली
ते जवळ बसून होते. रात्रभर. हात रिकामे.

यातलं काही मी रेणुकाला सांगितलं नाही.
म्हटलं, ताप येईल. खरंच येईल.
मांडी दुखेल. चोळू नकोस, लेप लावू नकोस,
औषध मी देते, आणि हा माझा नंबर,
रात्री दोनला केलास तरी उचलीन.
ती गप्प.
सासू पातेलं घासत होती, घासून झालेलं.

पुढच्या गुरुवारी सव्वा वाजता
आवराआवर चालली असताना
दारात रेणुका. काखेत हणमंत,
नऊ महिने उलटलेले, अख्खी मूठ तोंडात.

गोवराची कुपी त्या दिवशी फोडलीच नव्हती.
पाच डोसांची.
एकदा पाणी घालून कालवली की चार तास,
नंतर उरेल ते टाकायचं.
आमची आशाताई दमयंती म्हणाली, एकासाठी?
तोवर मी झाकण उडवलं होतं.

उजवा दंड. डावी मांडी. तोंडात दोन थेंब.
हणमंत असा रडला की
शेजारच्या खोलीतली पोरं अंकलिपी विसरली.
मग मध्येच थांबून
माझा बिल्ला ओढायला लागला.

अर्धा तास बसायचं असतं. बसली.
पंखा फिरत होता, भिंतीवरचा हत्ती हलत होता.
'ते घशाचं काय म्हणता तुम्ही?'
घटसर्प.
तिनं तो शब्द तोंडातल्या तोंडात फिरवला,
पोराची हनुवटी वर करून
उगाचच आत बघितलं.
'सापच की,' म्हणाली,
आणि कार्ड ब्लाऊजमध्ये खोचून उतरणीला लागली.

रजिस्टर ओढलं.
गोवर : वापरले एक. वाया चार.
एरवी हा आकडा लिहिताना हात जरा अडतो.
दमयंतीनं डबा खांद्याला लावला.
आत लाद्यांचं पाणी झालेलं,
पाड्याच्या पायऱ्यांवर
शेवटपर्यंत खळखळत होतं.