पुलावरचं अर्धं पाऊल

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, जाळी शिवायच्या शेडमध्ये
हिशेबाची वही माझ्याकडे असते.
किती सुतळी आली, किती सुया मोडल्या,
कोणत्या बोटीचं जाळं कोणाच्या हातून गेलं.
मागची पानं मात्र
ओरसाक आणि केल्माच्या नावे.

अकरा हिवाळे झाले.
सूर्य दहाला येतो, तीनला जातो,
आणि मधल्या वेळात एय्विंद म्हणतो,
"ओरसाकपुढे तुझी केल्मा पासंगालाही पुरायची नाही."
सिमून सुई दातांत धरतो,
सुईच्या बाजूने बोलतो,
"शेरास सव्वाशेर असतो, बाबा.
चौथा खंड वाचलास, आता सहावाही वाच."

चौथ्यात ओरसाक
एका शब्दात गोठलेली नदी फोडतो.
वरून चाललेलं सैन्य, घोडे, कढया, पिंपं,
सगळं खाली.
सहाव्यात केल्मा
सत्तर हजार शिपायांची नावं काढून घेते.
ते भाले टाकून गवतात बसतात,
शेजाऱ्याला विचारतात,
तू ओळखतोस का रे मला?

"नदी वसंतातही फुटते," सिमून म्हणायचा,
"तिला जादूगार लागत नाही."
"नावं तर माझी सासूही विसरते," एय्विंद.
मी दोघांना एकेक गुण द्यायचे.

किंमतही मोजायचो.
ओरसाकची नखं काळी पडली, झोप गेली.
केल्मा स्वतःच्या घोडीचं नाव हरवून बसली.
दोन पानं, फक्त दोन पानं,
ती तबेल्यात उभी राहून
एकेक नाव लावून बघते
आणि घोडी मान वळवत नाही.
सिमूनने ते मोठ्याने वाचलं
त्या दिवशी कोणी गुण मागितले नाहीत.

सात खंडांत ते एकदाही लढत नाहीत.
आठवा येणार, येणार.
सिमूनचा नातू जन्मला तेव्हाही येणारच होता,
आता नातू पोहायला शिकलाय.
फक्त पाचव्यात, पान चारशे बारा,
लाकडी पूल, धुकं, समोरासमोर दोघं,
आणि ओरसाक अर्धं पाऊल बाजूला सरतो.
एवढंच. पुढच्या ओळीत पाऊस.

आदराने सरला, की भीतीने?

या अर्ध्या पावलावर
किती किटल्या कॉफी आटली,
त्याचा हिशेब माझ्याकडेही नाही.

नोव्हेंबरात तोर्शव्हनला
सिमूनचा गळा उघडला डॉक्टरांनी,
आतला आवाज ठेवून घेतला.
जानेवारीत तो आला, मफलर गुंडाळून,
आपल्या खुंटीवरून आपलं जाळं उतरवलं.
तीन दिवस एय्विंद
वाऱ्याबद्दल बोलला, हेरिंगच्या भावाबद्दल बोलला.
वाऱ्याबद्दल पुन्हा बोलला.

चौथ्या दिवशी त्याने सुई दातांत धरली.
"बरं," सुईच्या बाजूने म्हणाला,
"तुझी बाजू मी मांडतो."

आणि मांडली.
घोडीपासून सुरुवात केली.
म्हणाला, जो नद्या फोडतो
त्याला तडा जायचा आवाज सर्वांआधी ऐकू येतो.
केल्माने फळीवर पाय ठेवला
तेव्हा त्याला तो ऐकू आला,
नदीतून नव्हे, स्वतःच्या बरगड्यांतून.
"भ्याला," एय्विंद म्हणाला. "ओरसाक भ्याला."

स्टोव्हवर झाकण वाजत होतं.

सिमूनने माशांच्या खोक्याचं लेबल उलटं केलं.
पेन्सिलीचं टोक मोडलं.
चाकूने तासलं, सावकाश,
आम्हाला घाई आहे हे ठाऊक असल्यासारखं.
मग लिहिलं:
मूर्खा, आदराने.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले,
दुसऱ्याच्या बोटीत चढलेल्या माणसांसारखे.

सिमूनने लेबल परत ओढलं, खाली लिहिलं:
आणि पान चारशे चौदा. बारा नाही.

एय्विंद पुस्तक आणायला उठला,
खारटलेलं, कणा हिरव्या सुतळीने शिवलेला.
दिव्याखाली दोन डोकी वाकली,
चौदा शोधायला.

मी वही उघडली, मागचं पान काढलं,
गुणांच्या दोन्ही रकान्यांवर पेन फिरवत बसले.
मग पुढचं पान उघडून लिहिलं:
सुतळी, हिरवी, तीन रिळं.
सुई, एक, चावलेली.