कोण जिंकायला हवं

माहीमच्या बाजारात सुरमई आठशे,
त्याच सकाळी सिटीलाइटला साडेनऊशे.
मधल्या रस्त्याला दहा मिनिटं लागतात.
माझा धंदा एवढाच, फक्त त्यात मासे नाहीत
आणि रस्ताही नाही.

तीन फोन, एक चार्जर,
बॅलार्ड पिअरच्या नोकरीतून उरलेलं लाल पाठीचं रजिस्टर.
रात्री पावणेदोनला कुठल्याशा गावात
दोन मुली टेनिस खेळतात.
गावाचं नाव मला धड उच्चारता येत नाही.
या बुकात एकीला रुपयामागे दोन रुपये दहा पैसे,
त्या बुकात दुसरीला दोन रुपये पाच पैसे.
दोन्ही बुकांनी एकमेकांना विचारलेलं नसतं,
त्या न विचारण्यावर माझी भाकरी.
एकीवर दहा हजार, दुसरीवर दहा हजार अडीचशे
(अगदी नेमकी रक्कम लावू नये, त्यांना वास येतो).
ही जिंकली तर साडेसातशे सुटतात,
ती जिंकली तर सातशे बासष्ट.

मृदुला पाणी प्यायला उठते, दारात थांबते.
कोण जिंकायला हवं?
कोणीही, मी म्हणतो.
लग्नात दोन्ही पंगतींना जेवणारा माणूस तू,
ती म्हणते, आणि दिवा घालवते.

माझ्या नावाचं खातं फाल्गुनात कापलं.
रोज थोडंथोडं जिंकणारा त्यांना सोसत नाही,
धडाधड हरणाऱ्याला मात्र वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात.
आता एक खातं मेहुणीचं,
एक रामसजीवन लिफ्टमनचं,
प्रत्येक वेळचे त्याचे शंभर.

मंगळवारी पहिला पाय पडला.
दुसरा टाकायला गेलो तर खाली पायरी नव्हती.
बटण दाबलं, गोल फिरत राहिलं,
दोन रुपये पाच पैशांचा
एक रुपया साठ पैसे झाला.
आता झाकायचं म्हणजे एकवीसशे पंचवीस
हसत हसत घालवायचे.
शिस्त तेच सांगते. चौदा महिने तेच केलं.
त्या रात्री अंगठा हलला नाही.

मग मी पहिल्यांदाच आवाज सुरू केला.
माझी ती डावखुरी. सर्व्हिसआधी
चेंडू पाच वेळा आपटून सहाव्यांदा थांबणारी,
चुकली की स्वतःच्याच मांडीवर
रॅकेट हलकेच मारून घेणारी.
माझी.
हा शब्द रजिस्टरात कुठेच नाही.
दुसरा सेट तिने ओढून आणला तेव्हा
माझा गुडघा टीपॉयवर आदळला,
मेहुणीचा फोन खाली पडला,
आणि मृदुला आली, तांब्या हातात.
कोण जिंकायला हवं, तिने सवयीने विचारलं.
मी बोट दाखवलं.
ती बसलीच मग, तांब्यासकट.

सव्वातीनला, तिसऱ्या सेटात,
चेंडू रेषेबाहेर बोटभर.
दहा हजार.
पण खेळली छान, मृदुला म्हणाली.
दोघांनी तिचं नाव वाचून पाहिलं.
दोघांचे उच्चार वेगळे निघाले.
तो फरक कुठेच विकता आला नसता.

सकाळी लिफ्टचा दरवाजा धरून रामसजीवन:
साहेब, काल माझ्या खात्यावर काही झालं का?
झालं, म्हटलं.
शंभर दिले त्याला.
रजिस्टरात लिहिले, खर्च, शंभर.
कशाबद्दल, तो रकाना
अजून कोरा आहे.