दोनच्या खालचं

आगरवाड्याला, शापोऱ्याच्या काठी,
मिठागराच्या कडेची खोली. भाडं प्रयोगशाळा भरते.
टेबलावर विंडोजचा लॅपटॉप, धापा टाकतो,
आणि त्याच्या पोटात एक फाइल:
सहा महिन्यांचं खारेपण, दर दहा मिनिटांनी मोजलेलं.
ती उघडायची आहे. एवढंच.

शुक्रवारपासून एवढंच चाललंय.

पहिलं पॅकेज म्हणतं, नमपाय हवं ते दोन किंवा वरचं.
दुसरं, भरती-ओहोटीचं गणित करणारं,
ज्याच्या कर्त्यानं चार वर्षांपूर्वी शेवटची ओळ लिहिली
आणि बहुधा नोकरी बदलली,
ते म्हणतं, दोनच्या खालचं असेल तरच पाय ठेवीन.
मधे मी, सोयरीक जुळवणाऱ्या मावशीसारखी
एकाला दुसऱ्याचं वय कमी करून सांगते.
पिप फसत नाही. पिपला सगळ्यांच्या पत्रिका पाठ.

नवं काढून जुनं घातलं.
जुन्याला माझं पायथन फार पुढचं वाटलं:
तयार चाक नाही, म्हणे, इथंच घडवून घ्या,
आणि घडवायला आधी सहा जीबीची लोहारशाळा उतरवा.
इथं नेटची एक काडी,
तीही फोन खिडकीच्या गजाला बांधला तर.
लोहारशाळा रात्री दोनला त्र्याण्णव टक्क्यांवर थांबली.
वीज गेली होती.

सकाळी सोयरू मानशीच्या फळ्या बसवत होता.
"कितें जालें गो?"
म्हटलं, दोन वस्तू आहेत, एका पेटीत नांदत नाहीत.
"मागीर एके पेटेंत कित्याक घालता?"
पुढं बोललाच नाही. पाणी तिसऱ्या फळीला लागलं होतं.

मला ठाऊक नव्हतं असं नाही.
प्रत्येक कामाला वेगळं वातावरण करा,
हे पहिल्याच पानावर असतं.
पण घाई. पण या एकदाच.

मग सगळं पुसायला घेतलं.
घरात दोन पायथन निघाली, आणि तिसरं स्टोअरचं,
नुसतीच पाटी, मागं दुकान नाही.
तिघांनाही पाथमधून हाकललं.
नवं वातावरण: पायथन तीन-अकरा, नमपाय दोनच्या खालचं,
बाकीच्यांना सांगितलं, जमेल त्यानं यावं.
आले. एकामागून एक, गाठोडी घेऊन, मुकाट.
पहिल्यानं तर स्वतःऐवजी
आपलं मागच्या वर्षीचं रूप पाठवलं.

चालवलं.
फाइल सापडत नाही.

समोर आहे. मला दिसते. वजनसुद्धा सांगते.
सापडत नाही.

दुपारी तीनला लक्षात आलं, वाट कुठून जाते ते.
सी, मग युजर्स, मग पुंडलीक.
देवनागरीत, ली दीर्घ.
हे मशीन आधी धारगळकर सरांचं.
निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मिळालेलं,
तेव्हा त्यांनी हट्टानं नाव असं घातलं.
विंडोजला चाललं, एक्सेलला चाललं,
खालच्या थरातल्या एका लायब्ररीला मात्र
प म्हणजे भिंत.

सीच्या उंबऱ्यावरच नवं फोल्डर केलं.
रोमन चार अक्षरांत, मीठ.
फाइल आत ओढली.
निळी रेघ उमटली, मार्चभर चढत गेलेली.
किती वेळ बघत बसले, चहा निवला.

सरांच्या फोल्डरला हात लावला नाही.
त्यात 'पेन्शन अर्ज' आहे, 'पेन्शन अर्ज नवीन',
'पेन्शन अर्ज नवीन खरा',
आणि त्यानंतरच्या तारखेचा पुन्हा नुसता 'पेन्शन अर्ज'.

जूनमध्ये लॅपटॉप जमा करायचा.
पुढच्या मुलीसाठी वहीत आवृत्त्या उतरवल्या,
आकड्यांसकट, टिंबांसकट.
खाली लिहिलं:
रात्री विंडोज अपडेट विचारील. उद्या म्हण.
उद्या विचारील, तेव्हाही.