सातव्या खेपेची पारख

कुपवाडच्या शेडमध्ये, जिथं पूर्वी पेंडीच्या गोण्या रचलेल्या असत,
तिथं आता दोन टाक्या, एक चिलर
आणि मी.
सातवी खेप काल नळाला आली.

ग्लासात ओतली की गढूळ दिसते,
न गाळलेल्या उसाच्या रसासारखी.
गढूळच हवी ती. ओट्स, गहू,
आणि वर न तरंगणारा, खाली न बसणारा
हॉप्सचा धुरळा.
पण हे सांगलीत कुणाकुणाला सांगू?
पहिल्या खेपेला विश्रामबागचा हॉटेलवाला म्हणाला होता,
"मॅडम, गाळायची राहिली."

मित्रांनी पिऊन पाहिली.
धनेश म्हणाला, भारी.
तेजस्विनी म्हणाली, एकदम आंबा!
पुण्याहून आलेल्या एकानं आधी फोटो काढले,
तोवर फेस बसला, मग डोळे मिटून म्हणाला, पॅशनफ्रूट.
(खाल्लं असेल का कधी? मी तरी कुठं खाल्लंय.)
पाच जणांनी भारी म्हटलं
आणि मला रात्री झोप लागेना.
शेवटच्या घोटाला काहीतरी होतं,
जिभेच्या मुळाशी, बिननावाचं.
नव्या भाड्याच्या घरात
आपण एकटे नाही असं वाटावं, तसं.

म्हणून नानांना आणलं.
पायगोंडा नाना. चाळीस वर्षं हळदीच्या बाजारात,
गोणीत टोच्या खुपसून निघालेलं हळकुंड
कानाशी मोडायचं
आणि आवाजावरून ओल सांगायची.
नाना पीत नाहीत. दारू सोडाच,
चातुर्मासात त्यांच्या घरी कांदा येत नाही.
"प्यायची नसंल तर येतो," म्हणाले,
"बघायला काय पाप हाय?"

दिवस मावळायच्या आत आले.
ग्लास खिडकीशी धरला. उजेड आरपार गेला नाही,
अर्ध्यात अडकून पिवळा झाला.
मान हलवली.
"गढूळ आणि घाण, ह्यात फरक असतोय."
मला तिथंच रडू आलं असतं.

मग दोन थेंब तळव्यावर,
तळव्यावर तळवा घासून
ओंजळ नाकापुरती वर नेली.
एक श्वास.
बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याची पिपाणी
थांबेपर्यंत नाना काही बोलले नाहीत.
दुसरा श्वास.

"पेरू. पाडाला आलेला, पिकलेला न्हवं.
मग संत्र्याची साल, नखानं टोचलेली.
आंबा म्हणत असतील लोक. आंबा न्हाय,
आंब्याच्या पेटीतला पेंढा हाय."
थांबले.
"आणि ह्या सगळ्याच्या मागं, पार मागं,
एक गोणी भिजलीया."

भिजलेलं बारदान.
नाव मिळालं तसं ते जिभेवरून उठून
समोर उभंच राहिलं.
हवा. टाकीतून पिंपात जाताना कुठंतरी हवा शिरली होती,
नळीच्या त्या रबरी चकतीतून,
जी मी शंभर रुपये वाचवायला
दुसऱ्यांदा लावली.

"भाव काय द्याल?" मी सहज विचारलं, हसत.
नाना हसले नाहीत.
खांद्यावरचा टॉवेल काढला,
माझा हात त्याच्याखाली घेतला.
शेडमध्ये आम्ही दोघंच, बघणारं कुणी नाही,
तरी झाकून,
त्यांनी माझी बोटं धरली, सोडली, परत धरली.

आकडा सांगणार नाही.
टॉवेलाखालचा टॉवेलाखालीच राहतो.
मी मनात धरलेल्यापेक्षा कमी होता,
एवढं खरं. आणि ओतून द्यावी
इतकाही कमी नव्हता.

उन्हं उतरली होती, त्यांना घरी जेवायचं होतं.
बेसिनवर हात धुतले, साबणानं, तीनदा.
दारात थांबून पुन्हा हुंगले.
"पेरू गेला," म्हणाले.
"बारदान ऱ्हायलं."