लागणे

करार आला: शब्दामागे चाळीस रुपये, व्याकरण फुकट.
ग्रहावरच्यांना ओठ नाहीत, एवढी एकच अट.
म्हणजे प, फ, ब, भ, म बाद.
आई चालेल. बाबा नाही.

लोकमान्य नगरच्या गच्चीत
बटाट्याच्या किसावरच्या चिमण्या हाकलत
मी धातू जुळवायला बसले.

बाबा मालवा मिलमध्ये ताग्यांवर आकडे टाकायचे.
पुण्याला गेले की निघताना म्हणायचे,
"भेटून छान लागलं."
"अगंबाई, कुठे लागलं? हळद आणू?"
आत्या हसायची, अख्खं घर हसायचं,
आणि बाबा परतीच्या गाडीत
रतलाम येईपर्यंत हिंदीच बोलायचे.

तेच क्रियापद उचललं, आवाजासकट.
सुखावणं, दुखावणं, तिकडे एकच.
"घोळ होईल," निर्माता म्हणाला.
होतोच, म्हटलं.
शिवाय ‘छान लागलं’ म्हणायला
ओठ लागत नाहीत.

सातव्या भागात रबरी तोंडाचा नट
यान सुटताना ते बोलला. उच्चार चुकीचा.
आत्याचा फोन आला: काही कळलं नाही बाई,
पण उभा अगदी दादासारखा होता.

मालिका बंद पडली.
सहाशे बारा शब्द, बोलणारी मी एकटी.
रात्री गच्चीत एखादं वाक्य म्हणून बघते.
हाक सोडून
सगळं म्हणता येतं.